मागणी एका रात्रीची, झाड दहा वर्षांचे

आइसलँड या चार लाखांहून कमी वस्तीच्या देशात २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात दुकानांतून काकडी दिसेनाशी झाली. दुष्काळ नव्हता, संप नव्हता, बंदरेही बंद पडली नव्हती. लोगन मॉफिट या कॅनडातील तरुणाने काकडीच्या पातळ चकत्या डब्यात टाकून, त्यांत तिळाचे तेल, लसूण व तिखट घालून, डबा खळखळून हलवून कोशिंबीर करण्याची रीत टिकटॉकवर दाखविली होती. आइसलँडमधील तरुण मंडळींनी ती घरोघर करून पाहिली आणि काचगृहांत पिकणारी देशी काकडी मागणीला पुरी पडेना. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, काही बागाईतदार त्याच सुमारास जुने वेल काढून नवे लावतात, ही कारणेही जोडीला होतीच. तरीही एका कोशिंबिरीने एका देशाची मंडई हलवावी, ही घटना हसून सोडून देण्यासारखी नाही.

खाण्यापिण्यातील टुमा आजच्या नाहीत. पाककृतींचा प्रसारही नवा नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घरांतील कित्येक नवशिक्या हातांना त्याने स्वयंपाक शिकविला. पण त्यामुळे वाण्याकडची हरभऱ्याची डाळ संपली, असे कधी घडले नाही. याची कारणे उघड आहेत. ते पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात सावकाश पोचले. प्रत्येक गृहिणीने त्यातील वेगवेगळे पान उघडले. आणि त्यातील बहुतेक जिन्नस जवळच्या बाजारात बारमाही मिळणारे होते. आजची चित्रफीत मात्र एकाच दिवशी, एकच पदार्थ, एकाच जिनसासह जगभरच्या कोट्यवधी लोकांसमोर ठेवते. पाककृती तीच असली, तरी तिचा वेग बदलला आहे. आणि अर्थव्यवहारात वेग ही गौण बाब नव्हे.

कृती वाटली जाते, जिन्नस नाही

या प्रश्नाचे मर्म एका साध्या भेदात आहे. पाककृती हे ज्ञान आहे. ते एकाने दुसऱ्याला दिल्याने पहिल्याचे कमी होत नाही. म्हणूनच ती विनामूल्य आणि क्षणार्धात पसरू शकते. जिनसाचे तसे नाही. एकाने घेतलेला पिस्ता दुसऱ्याला मिळत नाही, आणि तो पिकायला ठरलेला काळ लागतोच. ज्ञान विजेच्या वेगाने धावते व जिन्नस ऋतूच्या वेगाने तयार होतो. या दोन वेगांतील अंतर जितके मोठे, तितका भावाचा भडका मोठा.

जेथे हे अंतर नसते, तेथे टूम निरुपद्रवी ठरते. २०२० च्या टाळेबंदीत 'दालगोना' कॉफीची लाट आली. दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर जुंग इल-वू या अभिनेत्याने ती चाखली आणि तिला नाव मिळाले. अन्यथा भारतीय घरांतील फेटलेल्या कॉफीहून ती फारशी निराळी नव्हती. कॉफीची पूड, साखर आणि दूध यांचे बाजार एवढे विशाल की, जगभरच्या हौशी हातांनी फेटूनही त्यांना धक्का बसला नाही. काकडीचेही तसेच, वेल काही आठवड्यांत फळतो, म्हणून आइसलँडची टंचाई अल्पकाळच टिकली.

चहाच्या झुडपाची गोष्ट निराळी. जपानमधील 'माचा' हा चहा ज्या पानांपासून होतो, त्यांवर तोडणीपूर्वी काही आठवडे सावली धरावी लागते, आणि ती जात्यावर दळताना तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम पूड पडते. नवे झुडूप तोडणीस यायला सुमारे पाच वर्षे लागतात. समाजमाध्यमांवर हिरव्या पेयाची चलती झाली, तेव्हा २०२४ च्या शरद ऋतूत क्योतोच्या जुन्या पेढ्यांना विक्रीवर मर्यादा घालावी लागली. मे २०२५ मध्ये क्योतोच्या लिलावात या पानांचा सरासरी भाव किलोला ८,२३५ येनवर गेला. आदल्या वर्षाच्या तुलनेत ही वाढ १७० टक्के होती.

पिस्त्याचे झाड त्याहूनही सावकाश. दुबईतील एका मिठाईवाल्या पेढीने २०२१ मध्ये पिस्ता व कुनाफ्याच्या शेवया भरलेली चॉकलेटची वडी काढली. डिसेंबर २०२३ मध्ये ती खातानाची एक चित्रफीत कोट्यवधी वेळा पाहिली गेली आणि मुंबई-पुण्यापर्यंतच्या बेकऱ्यांत तिच्या नकला मांडल्या गेल्या. त्यातच अमेरिकेतील २०२४ चे पीक कमी आले. परिणामी सोललेल्या पिस्त्याचा भाव वर्षभरात पौंडाला ७.६५ डॉलरवरून १०.३० डॉलरवर चढल्याचे एप्रिल २०२५ मध्ये नोंदले गेले. पिस्त्याला पहिले फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, भरघोस पिकाला दहा किंवा अधिक; शिवाय कोकणातल्या हापूसप्रमाणे तोही एक वर्ष भरपूर देतो आणि एक वर्ष हात आखडतो.

लाभ कोणाचा, जोखीम कोणाची

भाव चढला म्हणजे शेतकऱ्याचे भले झाले, असा सोयीस्कर समज असतो. वस्तुतः चढत्या भावाचा लाभ ज्याच्या कोठारात त्या दिवशी माल आहे त्याला मिळतो. जाहिरातीचे उत्पन्न त्या समाजमाध्यमाच्या कंपनीला मिळते. आज रोप लावणाऱ्याला मात्र फळ येईल तेव्हाचा भाव मिळणार, आणि तोवर लोकांची जीभ कोठे वळलेली असेल हे कोणी सांगावे?

भारतीय शेतकऱ्याने हा धडा एकदा फार महागात शिकला आहे. मादागास्करमध्ये २००० साली चक्रीवादळाने व्हॅनिलाच्या बागांची हानी केली आणि पुढे जागतिक भाव किलोला पाचशे डॉलरच्या आसपास पोचला. केरळ-कर्नाटकातील अनेकांनी तो भाव पाहून वेल लावले. वेलाला फुले यायला सुमारे तीन वर्षे लागतात, आणि प्रत्येक फूल हाताने फळवावे लागते. जगभरचे वेल फळू लागले तोवर भाव २००५ च्या सुमारास पन्नास डॉलरच्याही खाली कोसळला होता. तेथे निमित्त वादळाचे होते, चित्रफितीचे नव्हे. पण आजच्या भावावर उद्याची लागवड ठरविण्याची चूक तीच. वादळे क्वचित येतात, चित्रफिती रोज येतात, एवढाच फरक.

याचा अर्थ पाककृती दाखविणारे सारे दोषी, असा नव्हे. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सुमन धामणे यांनी 'आपली आजी' या यूट्यूब वाहिनीवरून गावाकडचा स्वयंपाक लाखो घरांत पोचविला. ज्यांच्या हातच्या चवीला पूर्वी उंबऱ्याबाहेर किंमत नव्हती, अशा स्त्रियांना या माध्यमाने मान आणि मिळकत दिली, हे मोठेच काम आहे. घरात आहे त्या जिनसाचे काय करावे हे शिकविणे वेगळे आणि घरात नाही त्या जिनसाची ओढ लावणे वेगळे, हा विवेक मात्र पाहणाऱ्याने ठेवला पाहिजे.

शासनाच्या हाती मर्यादितच उपाय आहेत. मोबदला घेऊन केलेली शिफारस तशी स्पष्ट सांगावी, असे निर्देश केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये दिले; त्यांची कसोशीने अंमलबजावणी व्हावी. कृषी विद्यापीठांनी व कृषी खात्याने नव्या फळपिकाची शिफारस करताना उत्पादनाबरोबर मागणीच्या टिकाऊपणाचाही हिशेब मांडावा. आणि महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी-पुरवठ्याचे वक्र फळ्यावर काढताना काळाचा घटक वगळला जाऊ नये. ज्या तरुणाच्या हातात भ्रमणध्वनी आहे, त्याच्याच घरी कदाचित दोन एकर जमीनही असेल. पदार्थ करून पाहण्याची हौस एका संध्याकाळीत फिटते. तिच्या भरवशावर लावलेली बाग वडील आणि मुलगा अशा दोघांना जोपासावी लागते.