सरकारी बोटीतून केरळ

मराठी घरात केरळची सहल ठरते ती बहुधा दिवाळीच्या सुट्टीत. मुलांच्या शाळा बंद असतात, रजा मिळते आणि सहल कंपन्यांच्या पानभर जाहिरातींत हाउसबोट झळकत असते. केरळात मात्र हेच दिवस तुलावर्षाचे, म्हणजे परतीच्या पावसाचे. दुपारपर्यंत लख्ख ऊन, मग चारच्या सुमारास सह्याद्रीकडून काळे ढग उतरतात आणि विजांच्या कडकडाटात तास-दोन तास पाऊस कोसळतो. जूनच्या आरंभीचा मोठा पाऊस सगळ्यांना ठाऊक असतो. हा दुसरा पाऊस मराठी प्रवाशाच्या हिशेबातच नसतो. आपण दिवस ठरवतो ते आपल्या कॅलेंडरवरून, आणि स्वस्त प्रवासाचे नियोजन इथेच फसते.

केरळचे कॅलेंडर पाहिले तर चित्र वेगळे दिसते. नोव्हेंबरच्या मध्यापासून शबरीमलाच्या यात्रेचा मंडलकाल सुरू होतो. काळ्या वस्त्रांतल्या अय्यप्पा भक्तांनी गाड्या भरून जातात, कोट्टयम आणि चेंगन्नूर स्थानकांवर पाय ठेवायला जागा नसते आणि राज्य परिवहनच्या कितीतरी बस शबरीमलाच्या पायथ्याच्या पंपेकडे वळवल्या जातात. १४ जानेवारीच्या आसपास मकरविळक्कु हा यात्रेचा मुख्य उत्सव होतो, त्यानंतर काही दिवसांत मंदिर बंद होते. मधल्या काळात नाताळ आणि नववर्षाची गर्दी. तेव्हा लॉजचे दरही चढलेले असतात. पुढे फेब्रुवारीत मुन्नारजवळचे एरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर या रानबकऱ्याच्या विणीसाठी बहुधा दोन महिने बंद राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आट्टुकाल पोंगलाच्या सुमारास तिरुवनंतपुरमला लाखो स्त्रिया येतात, तेव्हा शहरात खोली मिळणे दुरापास्त. हे सगळे वजा केले की उरतो जानेवारीचा शेवटचा आठवडा आणि फेब्रुवारीचे पहिले काही दिवस. हवा कोरडी, भातशेती हिरवी, उत्तरेत तेय्यम या दैवतनृत्याचा हंगाम भरात आणि खोल्यांचे दर उतरलेले. माझ्या मते कमी पैशांत केरळ पाहायला याहून चांगले दिवस वर्षात नाहीत.

दुसरा निर्णय वाहनाचा. तयार सहलीत पैसा सर्वाधिक कुठे जातो, तर चालकासह दिवसभर दाराशी उभ्या असलेल्या गाडीत. केरळात तिची गरजच नाही. हे राज्य दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत लोहमार्ग किनाऱ्याला धरून जातो आणि प्रत्येक मोठ्या स्थानकाबाहेर डोंगराकडे जाणारी बस उभी असते. शिक्षक, परिचारिका, मच्छी विकणाऱ्या बाया, शाळेतली पोरे रोज ज्या गाड्या आणि बोटी वापरतात, त्याच आपण वापरायच्या. पर्यटकांसाठी उभारलेली सोय महाग असते. नागरिकांसाठी उभारलेली सोय स्वस्त असते. शिवाय ती वेळेवर चालते, कारण तिच्यावर लोकांची हजेरी अवलंबून असते.

मुंबईहून निघायचे तर कोकण रेल्वे. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला आणि १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग खुला झाला. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून रोज सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस दुपारी पनवेल सोडते, रात्रीत गोवा आणि कारवार मागे टाकते आणि पावसाळी वेळापत्रक नसेल तेव्हा सकाळी कण्णूरला पोहोचते. शयनयानाचे भाडे माणशी हजाराच्या आत बसते. जानेवारीत खिडकी उघडी ठेवून जाता येते, मग वातानुकूलित डब्याचे पैसे कशाला घालायचे? पुणेकरांनी थेट गाडीच्या वाराची वाट पाहण्यापेक्षा पनवेल गाठावे. बहुतेक जण याच गाडीने एर्नाकुळमपर्यंत जातात, पण मी कण्णूरला उतरायला सांगेन. प्रवास कमी होतो, आणि केरळातले सर्वांत विलक्षण दृश्य तिथे एक पैसाही न देता पाहायला मिळते.

ते दृश्य तेय्यमचे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंत कण्णूर आणि कासरगोड जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या देवस्थानांत, ज्यांना तिथे कावु म्हणतात, कळियाट्टम हे वार्षिक उत्सव भरतात. तिकीट नाही, रंगमंच नाही. पहाटे तीन-चारला गावाबाहेरच्या झाडीत पोहोचावे. झापांच्या आडोशाला एक माणूस पाठीवर निजलेला असतो आणि दुसरा त्याच्या डोक्याशी बसून, नारळाच्या पात्याच्या हिराने तांबड्या-काळ्या रेषा चेहऱ्यावर ओढत असतो. हे काम तासन्‌तास चालते. मग कोवळ्या नारळपात्यांचा घेर कमरेला चढतो, मुकुट बांधला जातो, चेंडा हा ढोल घुमू लागतो आणि मशाली पेटतात. आरशात स्वतःचे रूप पाहिल्यानंतर तो माणूस माणूस राहत नाही, दैवत होतो. वण्णान, मलयन अशा एकेकाळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले हे कलावंत. पण त्या वेळी जमीनदार घराण्यातली माणसेही त्यांच्यापुढे हात जोडून कौल घेतात. पोट्टन तेय्यम तर जातीच्या उतरंडीलाच थेट प्रश्न विचारते. कोकणात वाडीच्या देवळात संचार पाहिलेल्या माणसाला यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल.

आज कुठे तेय्यम आहे हे लॉजच्या माणसाला किंवा रिक्षावाल्याला विचारावे. गावोगावी फलकही लागलेले असतात. फ्लॅश मारायचा नाही, मोकळ्या सोडलेल्या जागेत शिरायचे नाही, चपला बाहेर काढायच्या. ही लोकांची पूजा आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत. पहाटे उठणे जमत नसेल तर परश्शिनीकडवूच्या मुत्तप्पन मंदिरात जावे. काही ठरावीक दिवस वगळता तिथे जवळपास रोज तेय्यम होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला उकडलेले मूग व चहा मिळतो. दुपारी तलश्शेरीत कैमा तांदळाची बिर्याणी खाऊन पुढची गाडी पकडावी.

इथून पुढच्या टप्प्यांना आरक्षण लागत नाही. दिवसाच्या गाड्यांत अनारक्षित तिकीट मोबाइलवर काढता येते. वाटेत शोरनूरला उतरून निलंबूरपर्यंतचा ६६ किलोमीटरचा फाटा करता आला तर जरूर करावा. सागवानाच्या सावलीतून जाणारा हा रेल्वेप्रवास किरकोळ भाड्यात होतो. निलंबूरला १८४० च्या दशकात लावलेली, मलबारचा इंग्रज कलेक्टर कॉनोली याच्या नावाची सागवान लागवड अजून उभी आहे.

कोचीत वॉटर मेट्रो आहे. २५ एप्रिल २०२३ ला सुरू झालेली ही विजेवरची बोटसेवा उच्च न्यायालयाच्या धक्क्यावरून बेटांकडे जाते. सुरुवातीला तिकिटे २० ते ४० रुपयांची होती आणि आजही ती खिशाला परवडतात. बंदरात फेरी मारून आणणाऱ्या खासगी बोटीला याच्या कित्येक पट मोजावे लागतात आणि दिसते तेच. फोर्ट कोचीतली चिनी जाळी आणि वास्को द गामाला १५२४ मध्ये जिथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च सगळेच पाहतात. मराठी माणसाने त्यापुढे मट्टांचेरीत पायी हिंडावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडून आलेली कोकणी कुटुंबे इथे स्थिरावली. चेरळायीचे तिरुमल देवस्थान त्यांचेच, आणि त्या परिसरात कोकणी कानावर पडली की क्षणभर आपण वेंगुर्ल्यात आहोत असे वाटते. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारातल्या वनस्पतींचा ‘होर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्याला इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले. त्यांनी १६७५ मध्ये दिलेली साक्ष नागरी लिपीतल्या कोकणीत आहे आणि ती ग्रंथात छापलेली आहे. आपल्या लिपीच्या छपाईचा एवढा जुना नमुना केरळच्या झाडापाल्याच्या ग्रंथात सापडतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मुन्नारला रेल्वे नाही. कुंडळा खोऱ्यातली चहामळ्यांची छोटी रेल्वे १९२४ च्या महापुरात वाहून गेली ती पुन्हा उभी राहिलीच नाही. एर्नाकुळम किंवा आलुव्याहून राज्य परिवहनची बस पकडावी आणि डोळे नीट उघडे राहावेत म्हणून घाट दिवसाउजेडी चढावा. राहण्याच्या जागेचा खर्च इथे सर्वाधिक असतो. मुन्नार आगाराने २०२० मध्ये जुन्या बसमध्ये झोपण्याचे बर्थ बसवले आणि तेव्हा बर्थमागे १०० रुपये भाडे ठेवले. ती सोय व सध्याचा दर आगारात फोन करून आधी विचारावा. दुसरा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विश्रामगृहांचा. १ नोव्हेंबर २०२१ पासून ही विश्रामगृहे सामान्य माणसाला ऑनलाइन आरक्षणाने मिळू लागली. ती बहुधा गावाच्या मध्यात असतात, खोल्या प्रशस्त असतात आणि दर खासगी लॉजपेक्षा कमी. पावसाळ्यात कोणी निघालेच तर हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा पाहूनच डोंगर चढावा. ऑगस्ट २०१८ चा पूर आणि ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये मुंडक्कई-चूरलमला गिळून टाकणारी दरड यांनंतर याबाबत हयगय करण्याची सोय उरलेली नाही.

मुन्नारहून परत कोचीला न येता बसने कोट्टयमला उतरावे, कारण आपल्याला आलप्पुळाला पाण्यावरून जायचे आहे. केरळच्या राज्य जलवाहतूक खात्याची स्थापना १९६८ ची, मुख्यालय आलप्पुळात. याच खात्याने २०१७ मध्ये वैकमजवळ ‘आदित्य’ ही देशातली पहिली सौर प्रवासी बोट सुरू केली. कोट्टयम-आलप्पुळा हा प्रवास अडीच तासांचा आणि तिकीट तीस रुपयांच्या आसपास. कालव्यात जलपर्णी माजली की बोट कोट्टयम शहरापर्यंत येत नाही, पुढच्या कांजिरमच्या धक्क्यावरूनच सुटते. म्हणून आदल्या संध्याकाळी धक्क्यावर चौकशी करावी.

बोटीत लाकडी बाके, दोन्ही बाजू उघड्या. समोर सुकाणूवर बसलेला स्रांक घंटेची दोरी ओढतो आणि खाली इंजिनपाशी बसलेला चालक त्या ठोक्यांवरून वेग कमी-जास्त करतो. धक्का जवळ आला की खलाशी दोर घेऊन उडी मारतो, खांबाला एक वेढा देतो, दप्तरवाली मुले आणि पिशव्या घेतलेल्या बाया चढतात, वेढा सुटतो. थांबा अर्ध्या मिनिटाचाही नसतो. मग कुट्टनाड सुरू होते. इथली भातखाचरे समुद्रसपाटीपेक्षा साधारण अर्धा ते दोन मीटर खाली आहेत. बोटीतून शेताकडे पाहायचे तर नजर खाली न्यावी लागते; पाणी वर, मध्ये मातीचा बांध, आणि पलीकडे खोलात भात. बांधातून झिरपणारे पाणी लाकडी पेटीतल्या ‘पेट्टी-परा’ पंपाने सतत बाहेर फेकत राहावे लागते. समुद्राचे खारे पाणी शिरू नये म्हणून वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कमला बंधारा आहे. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखल उपसून उभी केलेली ही शेती २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्य केली. जानेवारीत पुंजाचे पीक हिरवेगार असते.

हाउसबोटीला एका रात्रीचे हजारो रुपये पडतात. मासेमारीच्या जाळ्यांना धक्का लागू नये म्हणून संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ती किनाऱ्याला बांधावी लागते आणि सकाळपर्यंत हलत नाही. म्हणजे पैसा मुख्यतः बांधून ठेवलेल्या खोलीचा. त्यात डिझेल आणि सांडपाणी वेंबनाडमध्ये जाते ते वेगळेच. ज्यांना तेच हवे त्यांनी जरूर घ्यावी. पण कुट्टनाड बघायला तिची गरज नाही, हे मी ठामपणे सांगेन.

जेवणाचा प्रश्न केरळात सोपा आहे. दुपारी बाराच्या सुमारास कोणत्याही साध्या हॉटेलात ‘ऊण’ मिळते: केळीच्या पानावर जाड मट्टा तांदळाचा भात, सांबार, तोरण, पुळिश्शेरी, पापड, आणि भात मागाल तितका. कुडुंबश्रीच्या बचतगटांतल्या बायांनी चालवलेली जनकीय हॉटेले २० रुपयांत जेवण देत. २०२३ मध्ये सरकारी अनुदान थांबल्यावर त्यांना दर ३० करावा लागला, तरी तो नाममात्रच. पेल्यात येणारे कोमट गुलाबी पाणी पाहून बिचकू नये. ते पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाचा तुकडा घालून उकळलेले असते आणि बाटलीबंद पाण्याचे पैसे वाचवते. आलप्पुळाहून गाडीने शेवटच्या मुक्कामी तिरुवनंतपुरमला पोहोचल्यावर तंपानूर बसस्थानकाशेजारी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी बांधलेल्या लाल गोल इंडियन कॉफी हाउसमध्ये बसावे. तिथे उताराच्या जमिनीवर वळत वर जाताना टेबले लागतात आणि मसाला डोशात बीट असते. हे कॉफी हाउस कामगारांच्या सहकारी संस्थेचे.

भाषेची धास्ती बाळगू नये. बसच्या पाट्या मलयाळीत असतात, पण वाहकाला गावाचे नाव सांगितले की तो योग्य बसकडे बोट दाखवतो. बंगाल, आसाम, बिहारमधून आलेल्या कामगारांमुळे हॉटेलांत हिंदी चालते, आणि मुंबईत नोकरी करून परतलेला कोणीतरी प्रत्येक गावात भेटतोच. हरताळाची बातमी मात्र रोज सकाळी विचारून घ्यावी.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघणाऱ्याने नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला तयार राहावे. तिरुवनंतपुरमहून परतीचे तिकीट त्याच हिशेबाने आठ-दहा दिवसांनी निघेल. दोन्ही तारखा आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.