लवकरचा अर्ज : चान्स किती, हे कसं ओळखायचं?

ऑगस्टमध्ये आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला होता. त्यांची मुलगी बारावी सायन्सला आहे, दहावीला ९६ टक्के, गणितात हुशार. शहरातल्या एका सल्लागाराने त्यांना सांगितलं, की अमेरिकेच्या मोठ्या विद्यापीठात ‘अर्ली’ने, म्हणजे लवकरच्या फेरीत अर्ज केला तर चान्स साठ टक्के. त्याची फी दोन लाख. ताईंनी आम्हाला विचारलं, “मॅडम, पाटल्या मोडू का?”

या प्रश्नाने आम्ही जरा चपापलो, कारण दोन वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात आम्हीच म्हणालो होतो, की लवकरच्या फेरीत प्रवेशाचं प्रमाण दुप्पट असतं, तेव्हा करायचा तर अर्ज लवकरच करा. ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. आज ते पुरं करतो.

आधी ही फेरी म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत कॉलेज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं. त्यासाठीचा नेहमीचा अर्ज आदल्या जानेवारीच्या सुरुवातीला भरायचा आणि निकाल मार्चअखेर लागतो. लवकरचा अर्ज १ नोव्हेंबरच्या सुमारास भरायचा आणि निकाल डिसेंबरच्या मध्याला. यात दोन जाती आहेत, आणि सगळी गोम तिथेच आहे. एक ‘अर्ली डिसिजन’. हे लग्न ठरवण्यासारखं आहे. एकाच ठिकाणी अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर जायचंच. त्या कागदावर मुलीची, पालकांची आणि शाळेची सही लागते. ब्राउन, डार्टमथ ही त्यातली. दुसरी ‘अर्ली अॅक्शन’. यात होकार आला तरी मुलीला १ मेपर्यंत विचार करता येतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची अट मात्र थोडी कडक आहे. तिथे लवकर अर्ज केला तर दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकरचा अर्ज करता येत नाही. सरकारी विद्यापीठांना किंवा आपल्या देशातल्या प्रवेशाला ती आडकाठी नाही.

आता आकडे. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डला लवकरच्या फेरीत ७,९२१ अर्ज आले आणि ६९२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे शंभरात नऊसुद्धा नाहीत. दोन्ही फेऱ्या धरल्या तर ५४,००८ अर्जांतून १,९३७, म्हणजे शंभरात साडेतीनच्या वर जरासे. ब्राउनला त्याच वर्षी लवकरच्या ६,२५१ अर्जांतून ८९८ घेतले, शंभरात चौदा. एकूण प्रमाण तिथे पाचाच्या आसपास. वरवर पाहिलं तर लवकरच्या फेरीत दुपटीहून जास्त, कुठे जवळजवळ तिप्पट. आम्ही त्या वेळी इथेच थांबलो होतो.

पण या चौदांत कोण बसलेत? कॉलेजच्या संघासाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू बहुतेक याच फेरीतून येतात. आईवडील त्याच विद्यापीठात शिकले अशी मुलंही इथे जास्त. हार्वर्डवर खटला चालला होता, तो २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात बाहेर आलेल्या माहितीवरून अभ्यासकांनी दाखवलं, की असे हेरलेले खेळाडू सुमारे ८६ टक्के आत जातात. ही मंडळी बाजूला काढली की बाकीच्यांसाठी शंभरातले नऊ नऊ राहत नाहीत. परदेशी मुलांचं गणित तर आणखी वेगळं. एमआयटी ही संस्था परदेशी अर्जदारांची संख्या निराळी छापते, त्यांतले शंभरात सुमारे दोनच आत जातात. म्हणजे पेपरात छापून आलेली टक्केवारी आपल्या मुलीची नसतेच. ती गर्दीची सरासरी असते, आणि त्या गर्दीत आपली पोर कुठे उभी आहे ते आपल्यालाच शोधावं लागतं.

मग लवकर अर्ज केल्याचा फायदा अजिबात नाही का? आहे. २००३ साली तीन अभ्यासकांनी ‘द अर्ली अॅडमिशन्स गेम’ नावाचं पुस्तक लिहिलं. सारख्याच गुणांची दोन मुलं घेतली तर लवकर अर्ज करणाऱ्याला मिळणारा फायदा सॅट परीक्षेतल्या जवळपास १०० गुणांएवढा असतो, असं त्यांना आढळलं. कॉलेजलाही नक्की येणारी मुलं हवी असतात, त्यांच्या जागा भरायच्या असतात. हा फायदा ऐपत असलेल्यांनाच जास्त मिळतो म्हणून हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ साली ही फेरी बंदच करायचं ठरवलं होतं. २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली! बाकीचे सोडत नाहीत म्हटल्यावर तेही किती दिवस धरून ठेवणार.

आता मुलीकडे वळू. पहिली गोष्ट, १ नोव्हेंबरला तिच्या हातात काय असेल? बारावीचा निकाल नसेल. असतील नववी, दहावी आणि अकरावीच्या गुणपत्रिका, आणि बारावीची फार तर एखादी चाचणी. आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचं वर्ष. ‘अकरावीचे मार्क कोण बघतंय’ असं घरोघरी म्हणतात, कॉलेजातही म्हणतात. तिकडचे लोक ते बघतात, चारही वर्षं बघतात. लवकरच्या फेरीत तर अकरावीच सगळ्यात ताजी. तेव्हा जिची अकरावी भक्कम आहे तिला लवकरचा अर्ज सोयीचा. जी अकरावीत घसरली आणि बारावीत सावरते आहे, तिने थांबावं. जानेवारीच्या अर्जात सहामाहीचे गुण तरी दाखवता येतात.

दुसरी गोष्ट सॅट. ही परीक्षा १६०० गुणांची. हार्वर्डमध्ये गुण कळवणाऱ्या मुलांपैकी मधली निम्मी मुलं साधारण १५०० ते १५८० मध्ये बसतात. आपली मुलगी त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात असेल तर गुणांमुळे तिचा अर्ज मागे पडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. १५८० वाल्या पुष्कळ मुलींना नकार येतो. हा पट्टा कुठे सापडतो? बरीच विद्यापीठं दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती छापतात. ती फुकट असते. ‘अर्ली डिसिजन’ला किती अर्ज आले, किती घेतले, गुणांना किती महत्त्व, निबंधाला किती, परदेशी मुलांपैकी किती जणांना मदत दिली, सगळं एका साच्यात. सल्लागाराची फी देण्याआधी मुलीला शेजारी बसवून एका रविवारी हे कागद वाचा. इंग्रजी सोपं आहे.

तिसरी गोष्ट शिफारसपत्रं, आणि इथे आपल्या मुली अडतात. साधारण दोन शिक्षकांची पत्रं लागतात, शिवाय कॉलेजचं एक. आता मुलगी अकरावीपासून क्लासला जाते, कॉलेजात नाव फक्त हजेरीपटावर. तिला ओळखणारे सर कोण? मग पत्र येतं तीन ओळींचं : ‘वर्तणूक चांगली, अभ्यासू आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ असलं पत्र दाखल्यासारखं असतं, उपयोगाचं नाही. त्यांना हवं असतं ते असं, की या मुलीने प्रयोगशाळेत बिघडलेलं उपकरण स्वतः उघडून पाहिलं, की पुस्तकातलं उदाहरण चुकलंय हे सरांना दाखवून दिलं. ज्या बाई तिला खरोखर ओळखतात त्यांना गणपतीच्या सुमारासच भेटा आणि अशा चार गोष्टींची आठवण करून द्या. ऑक्टोबरअखेर दिवाळीची सुट्टी लागते, मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात, आणि सही अडते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा अर्ज नेमका असाच राहिला होता.

चौथी गोष्ट पैसा. खरं म्हणजे हीच पहिली. हार्वर्डचा २०२४-२५ चा खर्च ८२,८६६ डॉलर धरला होता, म्हणजे वर्षाला सुमारे ७० लाख रुपये. हा आकडा ऐकून बहुतेक घरांत विषय संपतो, पण तो तिथे संपायला नको. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी थोडी ठिकाणं परदेशी मुलांचाही अर्ज घरची ऐपत न बघता तपासतात, आणि प्रवेश दिला तर लागेल तेवढी मदत देतात. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलीने मदत मागितली की चान्स कमी होतो. तिथे ‘लवकर’चा फायदा मदतीच्या मागणीने खाऊन टाकलेला असू शकतो. म्हणून ज्या घराला मदत हवीच, त्यांनी बांधून घेणारा अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाचं धोरण लेखी वाचावं. मिळालेली मदत खरोखर अपुरी असेल तर त्या बंधनातून सुटता येतं. पण मग एव्हाना डिसेंबर सरत आलेला असतो.

साठ टक्क्यांचं म्हणाल तर असा आकडा प्रामाणिक माणूस देऊच शकत नाही. त्याच कॉलेजातून, तसेच गुण असलेली मुलं मागे कुठे लागली हे माहीत असेल तर थोडा अंदाज बांधता येतो. आपल्या तालुक्यातून कोणी गेलंच नसेल तर अंदाज कशावरून? आम्ही तीनच शब्द वापरतो : अवघड, शक्य, बऱ्यापैकी. हार्वर्डच्या जातीचं कुठलंही विद्यापीठ कितीही हुशार मुलीसाठी ‘अवघड’मध्येच. यादीत ‘बऱ्यापैकी’वाली दोन-तीन नावं हवीत, आणि इथली सीईटी किंवा जेईई चालू ठेवायची.

डिसेंबरचा निकाल होकार किंवा नकार एवढाच नसतो. तिसरं उत्तर ‘डिफर’, म्हणजे अर्ज मार्चच्या फेरीत ढकलला. हार्वर्डने २०२४ च्या प्रवेशाच्या वेळी लवकरच्या दहांतल्या आठ जणांना हेच उत्तर दिलं. त्यात अपमान नाही, फार आशाही नाही. जानेवारीत नवे गुण आणि एक छोटं पत्र पाठवायचं. पण इतर ठिकाणचे अर्ज निकालाआधीच लिहून तयार हवेत. निकाल लागल्यावर हातात दोन-तीन आठवडे उरतात, पुढे जेईई, प्रात्यक्षिकं आणि फेब्रुवारीत बोर्ड. त्या दिवसांत रडत निबंध लिहिणारी पोर आम्ही पाहिली आहे.

फोन केलेल्या ताई नंतर मुलीला घेऊन केंद्रावर आल्या. मुलीची अकरावी ८८ टक्के, सॅट १५२०, कॉलेजातल्या गणिताच्या बाई तिला चांगल्या ओळखतात. पैशाची मदत मात्र पूर्ण लागणार. आम्ही चौघी-पाच जणी तिच्यासोबत दुपारभर कागद घेऊन बसलो. शेवटी तिनेच ठरवलं. ऐपत न बघणाऱ्या एका ठिकाणी बंधन नसलेला लवकरचा अर्ज, ‘अवघड’ म्हणून. भरपूर मदत देणारी चार लहान कॉलेजं जानेवारीत. आणि इथली सीईटी. अर्जाची फी माफ करण्याची सोय असते, ती तिने मागितली आहे. पाटल्या ताईंच्या हातातच आहेत. निकाल डिसेंबरात आपल्याकडच्या पहाटे लागेल, तेव्हा ताईंनी आम्हाला उठवायचं कबूल केलं आहे.