नळात थबकलेले पाणी

शुद्धीकरण केंद्रातून निर्जंतुक होऊन आलेले पाणी इमारतीत शिरल्यावरही शुद्धच राहील, असे गृहीत धरता येत नाही, कारण टाकीत आणि नळांत ते जितका काळ पडून राहते तितके त्यातील क्लोरीन क्षीण होत जाते आणि उरलेसुरले जिवाणू पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर निर्माण करतात. या थराला जैवपटल म्हणतात. त्याच्या आडोशाला असलेल्या जिवाणूंपर्यंत क्लोरीन पुरेसे पोहोचत नाही.

अशा जिवाणूंपैकी लेजिओनेला हा विशेष घातक आहे. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले असता २२१ जणांना गंभीर न्यूमोनियाने गाठले व त्यांपैकी ३४ दगावले. त्यामागचा हा जिवाणू पुढे जोसेफ मॅकडेड यांनी ओळखला. तो मुख्यतः श्वासावाटे, शॉवर किंवा वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात जातो, त्यामुळे पिण्याचे पाणी उकळल्याने या धोक्याचे निवारण होत नाही. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती घटलेले रुग्ण यांना तो अधिक ग्रासतो.

साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या कोमट पाण्यात तो फोफावतो, तर ६० अंशांवर फार काळ तग धरत नाही. म्हणून मोठ्या इमारतींच्या गरम पाण्याच्या साठ्याचे तापमान ६० अंश ठेवून, त्वचा भाजू नये यासाठी गार पाणी मिसळणारी झडप नळाच्या शक्य तितक्या जवळ बसवतात. वीज वाचवण्यासाठी संपूर्ण साठाच कोमट ठेवणे ही धोकादायक काटकसर होय.

गार पाणी २० अंशांखाली राखण्याचा पाश्चात्त्य दंडक मात्र महाराष्ट्रात बहुधा पाळता येणार नाही, कारण उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी उन्हानेच तापते. तेव्हा येथे टाकी सावलीत व झाकलेली असणे, तिच्या तळाचा गाळ काढणे आणि पाणी वाहते ठेवणे यांवर अधिक भिस्त ठेवावी लागते. दुरुस्तीत न्हाणीघर काढून टाकले, पण त्याचा पाइप टोपी लावून भिंतीतच सोडला, तर त्या आंधळ्या फाट्यात महिनोन्‌महिने साचलेले पाणी मुख्य वाहिनीला जिवाणू पुरवत राहते; तो फाटा मुळापासूनच कापायला हवा. वापरात नसलेले नळ आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटे सोडावेत, आणि बरेच दिवस बंद असलेल्या घरातील शॉवर प्रथम सोडताना त्याची चाळणी काढून, पाणी बादलीत संथपणे वाहू द्यावे, म्हणजे तुषार उडत नाहीत.