हाडांची साक्ष : कर्कडेलच्या गुहेतील तरस



जुन्या पोथीचा पाठ निश्चित करताना अभ्यासकाला पूर्वग्रह बाजूला ठेवून अक्षरे वाचावी लागतात. हाडेही याच शिस्तीने वाचावी लागतात, याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात सापडते.

१८२१ साली कर्कडेल येथील दगडाच्या खाणीत एका गुहेचे तोंड उघडले. आतील हाडे रोगाने मेलेल्या गुरांची असावीत, असे समजून कामगारांनी ती रस्त्याच्या डागडुजीसाठी टाकली. परंतु त्यांत हत्ती, गेंडा आणि पाणघोडा यांचे अवशेष होते. सर्वांत विपुल होते तरसांचे दात. हे प्राणी दूरच्या उष्ण प्रदेशांतून महापुराने वाहून आणले असावेत, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. ऑक्सफर्डमधील भूशास्त्राचे अध्यापक विल्यम बकलंड हे स्वतः धर्मोपदेशक होते आणि बायबलमधील महापुरावर त्यांची श्रद्धा होती. तरीही त्यांनी आधी हाडांनाच विचारले.

गुहा इतकी अरुंद होती की अखंड हत्ती तीत शिरणे अशक्य होते. हाडांची मऊ टोके कुरतडलेली होती. टणक भाग व दात तेवढे शिल्लक होते. फिरत्या प्राणिसंग्रहातील एका आफ्रिकी तरसाने बैलाचे हाड फोडले, तेव्हा नेमके तेच भाग उरल्याचे बकलंड यांनी पाहिले. गुहेत सापडलेले पांढरे गोळे म्हणजे तरसाची विष्ठा होय, हेही सिद्ध झाले. पचलेल्या हाडांतील चुन्यामुळे ती पांढरी होते. निष्कर्ष असा की, हे तरसांचे घरच होते. पिढ्यानुपिढ्या तेथे वावरलेल्या तरसांची संख्या दोन-तीनशेहून कमी नसावी, असा त्यांचा अंदाज होता.

या कामासाठी तरसाची शरीररचना विलक्षण अनुकूल आहे. त्याला ३४ दात असतात. शंकूसारख्या जाड उपदाढा हाड फोडतात, तर त्यांमागील धारदार दाढा कात्रीप्रमाणे मांस कापतात. कवटीच्या माथ्यावर उभा कंगोरा असतो. त्याला जबडा मिटणारे बलदंड स्नायू चिकटलेले असतात. पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब आणि मान भक्कम असल्यामुळे जड शिकार ओढून नेता येते. रूपाने तो कुत्र्यासारखा भासला, तरी कुळाने मांजर व मुंगूस यांना जवळचा आहे. आपल्याकडील तरस पट्टेरी. कर्कडेलचा मात्र आजच्या आफ्रिकेतील ठिपकेदार तरसाचा निकटचा आप्त होता, याला पुढे डीएनए संशोधनानेही दुजोरा दिला.

मग बेटावर तो पोहोचला कसा? हिमयुगांत समुद्राची पातळी खाली जाई आणि ब्रिटन युरोपच्या मुख्य भूमीशी जोडले जाई. त्या वाटेने प्राणी चालत आले. कर्कडेलचे अवशेष सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीच्या, दोन हिमयुगांमधील उबदार काळातील आहेत.

१८२२ साली रॉयल सोसायटीने बकलंड यांना कॉप्ली पदक दिले. हाडांवरील चिखलाचा थर मात्र बायबलमधील महापुराचाच, असे ते तेव्हा मानत होते. १८३६ च्या ग्रंथात त्यांनी ते मतही सोडले. ते धर्मोपदेशक राहिले, पुढे वेस्टमिन्स्टरचे डीनही झाले. पण पुराव्यापेक्षा आवडते मत मोठे मानले नाही.

विद्यार्थ्याला शाळेने द्यावयाची खरी शिदोरी ती हीच.