‘गेलीय’मधला ‘य’

सातारा स्टँडवर धापा टाकत आलेला माणूस चौकशीच्या खिडकीत डोकावून विचारतो, “सांगली गेली का?” आतून उत्तर येतं, “गेलीय. दहालाच गेली.”

या उत्तरातल्या पहिल्या शब्दात इंग्रजीचा प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे आपला पूर्ण वर्तमानकाळ, अख्खा बसला आहे. गाडी सुटली मघाशीच, पण तिचा परिणाम फलाटावरचा माणूस आत्ता भोगतोय.

‘गेलीय’ सोडवून लिहिलं की ‘गेली आहे’ होतं. ‘गेली’ मागचं, ‘आहे’ आत्ताचं. इंग्रजी हेच दोन तुकडे उलट क्रमाने मांडते: द बस हॅज गॉन. आपल्या शेपटीतला ‘य’ तिथे पुढे येऊन हॅव किंवा हॅज होतो. अनेकवचनात त्याचाच ‘त’ होतो, जसं की आलेत, गेलेत. आपल्याकडच्या ‘आलोया’, ‘खाल्लंया’मध्येही तोच लपलेला आहे.

आता हॅव कुठे आणि हॅज कुठे? मराठीत मी पेढा खाल्लाय, भाकरी खाल्लीय, थालीपीठ खाल्लंय. क्रियापद कर्माच्या मागे धावतं. इंग्रजी क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं. पेढा असो की भाकरी, आय हॅव ईटन. ही, शी, इट आले की हॅज. त्यापुढे क्रियापदाचं तिसरंच रूप लागतं. म्हणून ‘हॅज वेंट’ चूक, ‘हॅज गॉन’ बरोबर.

‘दादा सांगलीला गेलाय’ म्हणजे अजून तिकडेच आहे: हॅज गॉन टू सांगली. ‘जाऊन आलाय’ म्हणजे घरी परतलाय: हॅज बीन टू सांगली. कास पठार पाहून आलेल्यानेही आय हॅव बीन टू कास असंच म्हणायचं.

इथवर ‘य’ची सोबत पुरते. पुढे तो तीन ठिकाणी चकवतो.

पहिलं ठिकाण तारखेचं. ‘तो काल आलाय’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत ‘काल’ आला की हॅव उठून जातो: ही केम यस्टरडे. सांगलीचा आयर्विन पूल घ्या. तो १९२९ साली खुला झाला, म्हणून ओपन्ड. त्याने २०१९ चा महापूर पाहिला, म्हणून सॉ. पण साल न सांगता ‘या पुलाने कितीतरी महापूर पाहिलेत’ म्हटलं की हॅज सीन, कारण पूल अजून उभा आहे आणि त्याची मोजणी संपलेली नाही. हयात नसलेल्या माणसाची मोजणी मात्र संपलेली असते. १९०० साली बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. आपण अभिमानाने सांगतो, ‘बाबासाहेब इथे शिकलेत.’ इंग्रजीत तिथे नुसतं स्टडीड.

दुसरं ठिकाण बसण्या-झोपण्याचं. ‘आजोबा ओट्यावर बसलेत’, ‘बाळ झोपलंय’ यांत ‘त’ आणि ‘य’ दोन्ही आहेत, पण आपण सांगतो ती आत्ताची स्थिती. तिथे इज सिटिंग, इज स्लीपिंग.

तिसरं ठिकाण बरोबर उलटं. मराठीत ‘य’चा मागमूस नाही आणि इंग्रजी मात्र हॅव मागते. ‘मी दहा वर्षं सांगलीत राहतो’ याचं आपण हटकून ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन सांगली सिन्स टेन इयर्स’ करतो. राहणं दहा वर्षांपूर्वी सुरू झालं आणि आजपर्यंत पोचलं, म्हणून आय हॅव लिव्ड इन सांगली फॉर टेन इयर्स. किती काळ ते सांगायला फॉर, कधीपासून ते सांगायला सिन्स. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि ती आजही मुलं शिकवते. संस्थेबद्दल बोलताना हॅज टॉट सिन्स १९१९, भाऊरावांबद्दल बोलताना फाउंडेड.

सरावाला वही लागत नाही. दिवसभर घरातले ‘य’ वेचा: चहा झालाय, आई बाजारात गेलीय, आमटीत मीठ कमी पडलंय. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा. वेळ सांगितलीय का? कुणी नुसतं बसलंय किंवा झोपलंय का? दोन्ही उत्तरं ‘नाही’ आली की बिनधास्त हॅव लावा.

आणि खिडकीतला तो कर्मचारी आठवा. ‘गेलीय’ म्हणणारा तोच माणूस, ‘दहा’ म्हणताच त्याने ‘य’ गाळला: ‘दहालाच गेली.’ इंग्रजीतही तसंच, द बस लेफ्ट अ‍ॅट टेन.