घर विकायचे आहे, पण घरपट्टी थकली आहे!

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. इतक्यात बोनकोडे गावाला लागून असलेल्या सिडकोच्या बैठ्या घरांत राहणाऱ्या एक भगिनी प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून आल्या. "जयभीम दादा, जरा एवढे कागद बघता का?" म्हणाल्या.

पिशवीत सिडकोचे वाटपपत्र होते, पतीचा मृत्यू दाखला होता, विजेची बिले होती आणि मालमत्ता कराची पाकिटे होती. पाकिटे बहुतेक न उघडलेली. त्यांचे पती ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात कामाला होते. दहा वर्षांपूर्वी ते गेले आणि तेव्हापासून घरपट्टीचा एक पैसाही भरला गेला नव्हता. "ते होते तेव्हा तेच भरायचे. मागे मी पोरांची शिक्षणं बघू, घर चालवू की पट्टी भरू?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता ताईंना घर विकून मोठ्या मुलीजवळ कळंबोलीला राहायला जायचे होते. एका दलालाने त्यांना सांगितले होते, "बाई, या घरावर पालिकेची जप्ती येणार. असं घर कोणी घेत नाही. बाजारभावापेक्षा चार लाख कमी घ्या, बाकी सगळं मी निस्तरतो. मुखत्यारपत्र करून टाकू." शनिवारी सही करायची ठरलीही होती.

आम्ही विचारले, "ताई, थकले किती आहेत?"

"ते कुठं ठाऊक आहे दादा? पाकीट उघडायचीच भीती वाटते."

ही भीती एकट्या ताईंची नाही. वस्तीत अनेकांच्या घरी अशी न उघडलेली पाकिटे पडून आहेत. घर विकायची वेळ आली की ती एकदम समोर येतात आणि घाबरलेल्या माणसाच्या कमाईवर दुसराच कोणी हात मारतो. म्हणून हा लेख.

आधी आकडा काढा

आम्ही पडलो कारकून. बेरीज-वजाबाकीवरच आमचे पोट चालते. सोमवारी अर्धी रजा टाकून ताईंबरोबर कोपरखैरणे विभाग कार्यालयात गेलो आणि त्यांच्या मालमत्ता क्रमांकावर थकबाकीचा उतारा मागितला. हल्ली महापालिकेच्या संकेतस्थळावरही हा क्रमांक टाकून थकबाकी पाहता येते.

कर वर्षाला साधारण 4,000 रुपये. दहा वर्षांचे झाले 40,000. पण मुदतीत कर भरला नाही तर कायद्याप्रमाणे दर महिन्याला 2 टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षाला 24 टक्के. एका वर्षाच्या बिलावर वर्षाला 960 रुपये. सर्वांत जुन्या बिलावर हा दंड दहा वर्षांचा, त्यानंतरच्या बिलावर नऊ वर्षांचा, असे शेवटच्या बिलापर्यंत मोजत आलो तर दंडावर दंड न धरताही 52,800 रुपये होतात. मुद्दल 40,000, दंड 52,800, एकूण 92,800. मुद्दलापेक्षा दंड मोठा!

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे लाखाच्या आत आहे? आणि तो चार लाख कापणार होता?" शनिवारची सही तिथेच मोडली.

बाकी माणसावर नाही, घरावर

महापालिकेचा कर हा साध्या उधारीसारखा नसतो. बोनकोड्यात एके काळी ग्रामपंचायतीची घरपट्टी होती. 1 जानेवारी 1992 पासून नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि महापालिकांचा 1949 चा अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 141 प्रमाणे मालमत्ता कराची बाकी हा त्या मिळकतीवरचाच बोजा असतो. सरकारी जमीन महसुलानंतर पहिला मान त्याचा. मालक बदलला तरी बोजा घराला चिकटून राहतो. बिल, मागणी नोटीस, वॉरंट, जप्ती आणि शेवटी लिलाव अशी वसुलीची पायरी असते.

पण बोजा आहे म्हणून घर विकता येत नाही, असे कायदा कुठेही म्हणत नाही. दलालाने ताईंना नेमके हेच उलटे सांगितले होते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 सांगते की, वेगळा करार नसेल तर विक्रीच्या दिवसापर्यंतचा सरकारी व पालिकेचा आकार विकणाऱ्याने भरायचा आणि मालकी गेल्यानंतरचा घेणाऱ्याने. बाकी घेणाऱ्याने भरायची असे ठरले तर तेही चालते, पण मग तेवढीच रक्कम किमतीतून वजा व्हावी आणि ती आकड्यासह कागदावर यावी. एक लाखाच्या बाकीपोटी चार लाख कापणे हा व्यवहार नव्हे, लूट आहे.

घेणाऱ्यांनीही ऐकावे

आपल्यातील पुष्कळ बांधव आयुष्याची पुंजी घालून जुने घर घेतात. त्यांना कोणी सांगते, "मागची बाकी आपल्याला लागत नाही, सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे." निकाल आहे, हे खरे. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने याच 1949 च्या कायद्याखाली म्हटले की, न्यायालयाच्या लिलावात ज्याने बाकीची काहीही कल्पना नसताना मिळकत घेतली, त्याच्या मिळकतीवर जुन्या बाकीचा बोजा चालवता येणार नाही. पण ती सवलत खरोखर अजाण खरेदीदाराची. चौकशी करणे हातात असताना जो मुद्दाम ती करत नाही, त्याला माहिती होती असेच कायदा धरून चालतो. आज खिडकीवर विचारले की आकडा कळतो. मग "आम्हाला ठाऊक नव्हते" हे कोण मान्य करणार? वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा इसार देण्याआधी एक चक्कर विभाग कार्यालयात टाकावी.

आणि मुखत्यारपत्रावर घर घेऊ नका, विकूही नका. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. विकणारा कागदोपत्री मालकच राहतो आणि पालिकेची नोटीस त्याच्याच नावाने येत राहते. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच हवे. घर भाडेपट्ट्यावरील असेल तर हस्तांतरासाठी सिडकोची परवानगी आणि शुल्कही हिशेबात धरावे.

गावठाणात आणि त्याच्या आसपास गरजेपोटी बांधलेली घरे आहेत. तेथे "घरपट्टी लागली म्हणजे घर कायदेशीर झाले" असा मोठा गैरसमज आहे. घरपट्टी हा कर आहे, मालकीचा दाखला नव्हे आणि बांधकामाची परवानगीही नव्हे. अनधिकृत बांधकामावर पालिकेने शास्ती आकारली आणि आपण ती भरली, तरी बांधकाम नियमित होत नाही. पावती बघून पैसे मोजू नका, मूळ कागद बघा.

लेकीची सही

ताईंच्या घराची दुसरी अडचण कराहून मोठी निघाली. घर अजून मयत पतीच्याच नावावर होते. दलाल म्हणाला होता, "लग्न झालेल्या मुलीची सही लागत नाही." साफ खोटे! आपण बौद्ध असलो तरी वारसाहक्काच्या बाबतीत 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्याला लागू आहे, कारण त्या कायद्यातच बौद्धांचा उल्लेख आहे. मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई, या सर्वांचा सारखा वाटा असतो. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून वाटा जात नाही. वारसांत कोणी अठरा वर्षांखालील असेल तर त्याचा वाटा विकायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

ताईंची सासू हयात नव्हती. तेव्हा त्या, दोन मुली आणि एक मुलगा असे चार वारस. चौघांची नावे लावून घेण्यात चार महिने गेले. तोवर दंडाचे मीटर चालूच होते, महिन्याला 800 रुपये. गिऱ्हाईक मिळाले तेव्हा चालू सहामाहीचे बिल धरून बाकी 98,000 झाली होती.

गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षक दांपत्य. आम्ही ताईंना म्हटले, "बाकी लपवायची नाही. पहिल्याच भेटीत उतारा समोर ठेवायचा." ठेवला. तो पाहून ते दांपत्य उठून गेले नाही, उलट निर्धास्त झाले. साठेखतात कलम घातले: इसारापैकी 98,000 रुपये थेट महापालिकेच्या नावे धनादेशाने भरावेत, पावती दोघांनी ठेवावी, उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी द्यावी. ताईंना पदरचे काही काढावे लागले नाही, कोणाकडे हात पसरावा लागला नाही आणि भाव बाजाराचा मिळाला. दलालाच्या सौद्यापेक्षा तीन लाखांहून अधिक पैसे घरात राहिले.

दूरच्या देशातील एक आजी

हे दुखणे आपल्याकडचेच आहे असे नाही. अमेरिकेत मिनियापोलिस शहरातील जेराल्डीन टायलर या वृद्धेने आपल्या सदनिकेचा सुमारे 2,300 डॉलर कर थकवला. त्यावर व्याज, दंड आणि खर्च मिळून सुमारे 13,000 डॉलर चढले. तेथील कौंटीने सदनिका 40,000 डॉलरला विकली आणि आपले देणे वळते करून उरलेले 25,000 डॉलरही ठेवून घेतले. टायलरबाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. वयाच्या 94 व्या वर्षी, मे 2023 मध्ये, न्यायालयाने एकमताने सांगितले की देण्यापेक्षा जास्त घेण्याचा सरकारला अधिकार नाही. न्याय मिळाला, पण घर गेले ते गेलेच. करापेक्षा दंड मोठा होऊ देण्याआधी जागे व्हावे, हा त्यातला धडा.

एवढे लक्षात ठेवा

घर विकण्याचा विचार मनात येताच पाकिटे उघडा आणि थकबाकीचा उतारा काढा. पाणीपट्टीची व सोसायटीची बाकीही बघा. बिलावरचे क्षेत्रफळ आणि निवासी-व्यापारी नोंद तपासा. चूक असेल तर लेखी अर्ज द्या. दंडात सवलत देणारी अभय योजना महापालिकेने यापूर्वी आणलेली आहे. अशी योजना चालू आहे का ते विचारा, पण पुढे येईल या आशेवर महिने घालवू नका. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून करमाफी मिळाली, ती ऐकून आपल्या हद्दीतले बिल बाजूला टाकू नका. कराचे रोख पैसे दलालाच्या हाती देऊ नका. पावती आपल्या मालमत्ता क्रमांकाची आहे का ते पाहा.

आणि विक्री झाल्यावर हात झटकू नका. खरेदीखतानंतर तीन महिन्यांच्या आत हस्तांतराची लेखी सूचना महापालिकेला द्यावी लागते. ती दिली नाही तर पुढचा करही जुन्या मालकाच्याच माथी राहतो. सूचनेची पोचपावती जपून ठेवा.

ताई आता कळंबोलीला असतात. परवा भेटल्या तेव्हा नव्या घराचे पहिले बिल दाखवायला आणले होते. पाकीट उघडलेले होते आणि पावती त्यालाच टाचलेली होती. आम्हाला म्हणाल्या, "दादा, आता आलं की त्याच दिवशी उघडते."