मध्यम शहरातील सदनिकांचे भाडे : बेळगावच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'खंड' या संकल्पनेला स्वतंत्र प्रकरण असते. परंतु शिक्षक आणि विद्यार्थी दरमहा जे घरभाडे भरतात त्याचा अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर क्वचितच होतो. मुंबई, बंगळूर यांसारख्या महानगरांतील भाड्याविषयी भरपूर लिहिले जाते. त्या मानाने मध्यम शहरे दुर्लक्षित राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील नागरी कुटुंबांपैकी सुमारे २७.५ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. त्याच जनगणनेत बेळगाव नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे ६.१ लाख होती. अशा शहराचे 'सरासरी भाडे' सांगितले असता त्यातून नेमके काय कळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घरभाडे भत्ता आणि प्रत्यक्ष भाडे

शिक्षकांना भाड्याचा सर्वांत परिचित आकडा म्हणजे घरभाडे भत्ता. केंद्र सरकारच्या वर्गवारीत ५० लाख व त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे 'एक्स', ५ ते ५० लाखांची 'वाय' आणि त्याखालील 'झेड' वर्गात मोडतात. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत, जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाल्यावर, या वर्गांचे दर अनुक्रमे ३०, २० व १० टक्के झाले. या रचनेत सहायक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये धरल्यास हैदराबादला १७,३१० रुपये, तर बेळगावला ११,५४० रुपये भत्ता येतो. इंदूरलाही ११,५४० रुपयेच येतात, कारण तेही 'वाय' वर्गात आहे. वास्तविक २०११ मध्ये इंदूर नागरी समूहाची लोकसंख्या बेळगावच्या तिपटीहून अधिक होती. राज्य सरकारांची वर्गवारी व दर वेगळे असू शकतात; पण तत्त्व तेच राहते. भत्ता लोकसंख्येवर आणि वेतनावर ठरतो, भाडे मात्र वस्तीवर ठरते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला तर बहुधा असा भत्ताच नसतो. त्यामुळे भाड्यातील प्रत्येक वाढ थेट त्याच्या मानधनातून जाते.

एका शहरात अनेक बाजार

बेळगावात भाड्याची मागणी एकाच प्रकारची नाही. नेहरूनगर परिसरात वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. मच्छे येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. उद्यमबागेत फाउंड्री व यंत्रभागांचे कारखाने आहेत, तर टिळकवाडीत जुनी महाविद्यालये आहेत. डॉक्टर, विद्यार्थी, कामगार आणि नोकरदार कुटुंब यांची गरज व ऐपत वेगवेगळी असते.

उदाहरणादाखल, दोन बेडरूमच्या सदनिकेसाठी एक कुटुंब १०,००० रुपये देऊ शकते असे मानू. त्याच सदनिकेत चार विद्यार्थी प्रत्येकी ३,५०० रुपये देऊन राहिले, तर मालकाला १४,००० रुपये मिळतात. म्हणजे महाविद्यालयाजवळच्या वस्तीत कुटुंबाची स्पर्धा दुसऱ्या कुटुंबाशी नसून चार खाटांच्या बेरजेशी असते. प्रवेशाच्या हंगामात ही स्पर्धा तीव्र होते. २०२० मध्ये महाविद्यालये बंद पडून विद्यार्थी गावी परतले, तेव्हा असे उत्पन्न किती अस्थिर असते हेही मालकांना कळून चुकले.

मागितलेले भाडे आणि दिले जाणारे भाडे

जाहिरातीत किंवा एजंटाकडे कळते ते मागितलेले भाडे होय. ते केवळ रिकाम्या घरांचे असते. जुन्या भाडेकरूंचे भाडे करारातील वाढीनुसार चालते आणि बहुधा त्याहून कमी असते. १०,००० रुपये भाड्यावर दरवर्षी ५ टक्के वाढ धरल्यास पाच वाढींनंतर ते सुमारे १२,७६३ रुपये होते. १० टक्के धरल्यास १६,१०५ रुपये होते. म्हणून घर घेताना आजच्या भाड्याइतकेच वाढीचे कलमही महत्त्वाचे ठरते.

करार अकरा महिन्यांचा करण्यामागेही कारण आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने परवाना करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक केले आहे. सीमाभागात दोन्हीकडे वावरणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

अनामत रकमेची किंमत

अनामत परत मिळते म्हणून ती खर्चात धरली जात नाही. परंतु अडकलेल्या पैशालाही किंमत असते. कर्नाटकात 'लीज' नावाने एक पद्धत रूढ आहे. तीत भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम देतो, मासिक भाडे देत नाही आणि घर सोडताना रक्कम परत घेतो. अशी रक्कम ५ लाख असेल आणि तिच्यावर अन्यत्र वार्षिक ७ टक्के उत्पन्न मिळू शकत असेल, तर छुपे भाडे महिन्याला सुमारे २,९१७ रुपये पडते. शिवाय मालक रक्कम वेळेवर परत करील की नाही, ही जोखीम भाडेकरूवर असते.

निवडीची मर्यादा

२०११ मध्ये देशाच्या नागरी भागात सुमारे १.१ कोटी घरे रिकामी होती. तरीही घर मिळत नाही, याचे एक कारण मालकाची भाडेकरू निवडण्याची रीत हे आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांना घर विकत वा भाड्याने घेताना येणाऱ्या अडचणींची नोंद आहे. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दलित व मुस्लिम भाडेकरूंना नकार मिळत असल्याचे आढळले. याचा आर्थिक परिणाम सरळ आहे. काही वस्त्यांची दारे बंद झाली की तीच मागणी उरलेल्या थोड्या वस्त्यांत एकवटते आणि सारख्याच सोयींसाठी जास्त भाडे मोजावे लागते. हा अधिभार कोणत्याही सरासरीत दिसत नाही.

समारोप

सारांश, शहराचे सरासरी भाडे हा आकडा भाडेकरूला मार्गदर्शक ठरत नाही. वस्ती, राहणाऱ्यांचा प्रकार, कराराचे वय, वार्षिक वाढ, अनामत आणि मिळालेले नकार या सहा गोष्टींची नोंद असल्याशिवाय दोन घरांच्या भाड्याची तुलना करता येत नाही. अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांना हे सहा रकाने घेऊन, नावे न नोंदवता, विद्यार्थ्यांकडून आपापल्या शहराचे छोटे सर्वेक्षण करून घेता येईल. हेच सर्वेक्षण त्याच घरांत दर सहा महिन्यांनी केल्यास भाड्याचा खरा कल हाती येईल. पुढील वर्षी शहरात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला आणि खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला एजंटाच्या शब्दाखेरीज दुसरा आधारही मिळेल.